अप्पांचा थायरॉईड आणि माझा गॅस

माझं काम ऑपरेशनच्या वेळी भूल देण्याचं. लातूर-नांदेडच्या पट्ट्यात भूलतज्ज्ञ हा शब्द कुणी वापरत नाही. आम्ही गुंगीच्या बाई. ऑपरेशन करणाऱ्या सर्जनचं नाव रोग्याच्या नातवंडांनासुद्धा पाठ असतं, गुंगी कुणी दिली म्हणून विचारलं तर रोगी म्हणतो, "मला काय ठाव? मी झोपलो व्हतो की." खोटं नाही त्याचं. माझं काम नीट झालं तर रोग्याला मी आठवत नाही, आणि बिघडलं तर साऱ्या गावाला आठवते. म्हणून गुंगीच्या बाईचं नाव बाजारात ऐकू आलं की समजायचं, काहीतरी घोटाळा आहे. माझं नाव एकदा उदगीरच्या मोंढ्यात, धान्याच्या पोत्यांवर बसून, महिनाभर चघळलं गेलं. का, ते सांगते.

लातूर जिल्हा नवा नवा झाला होता. गावात पाट्या रंगवणाऱ्यांची चंगळ होती. जिथं तिथं 'तालुका' पुसून 'जिल्हा' लिहिणं चाललं होतं. आमच्या दवाखान्यासमोरच्या चहावाल्यानंही टपरीवर 'जिल्हा टी हाऊस' रंगवून घेतलं आणि त्या दिवसापासून चहा अर्धा कप केला. विचारलं तर म्हणाला, "पानी कुठं हाय बाई?" तेही खरंच होतं. पावसानं पाठ फिरवली होती. विहिरींचे तळ दिसत होते. नव्या जिल्ह्याला साहेब भरपूर मिळाले, त्यांना जीपगाड्या मिळाल्या, त्या धुवायला पाणी मात्र टँकरचंच.

मी ज्या दवाखान्यात काम करत होते तो खाजगी होता. नाव सांगत नाही. तिथं ऑपरेशनची वेळ टँकरवर ठरायची. हत्यारं उकळायला पाणी लागतं, हात धुवायला लागतं. आमचे सर्जन डॉक्टर हंगरगे गच्चीवर उभे राहून औसा रोडकडं डोळे लावून बसायचे. टँकर दिसला की ओरडायचे, "बाई, चला, आला!" मग मी रोग्याला झोपवायची तयारी करायची. परगावचे नातेवाईक समजायचे की मोठा कुणी डॉक्टर येतोय.

अशा दिवसांत उदगीरहून मन्मथअप्पा दाखल झाले. डाळीचे मोठे व्यापारी. जिल्हा व्हावा म्हणून जी कृती समिती होती तिचे ते पदाधिकारी. जिल्हा झाल्यावर समिती बरखास्त न होता स्वागत समिती झाली, तिचेही ते पदाधिकारी. अप्पांना साखरेचा आजार जुना होता आणि पथ्याशी त्यांचं कधी पटलं नव्हतं. मानेच्या मागच्या बाजूला काळपुळी झाली. साखरवाल्या माणसाला होते तशी, चाळणीसारखी तोंडं असलेली, पू धरलेली. मान वळवता येत नव्हती. त्यातून मंत्र्यांचा दौरा जवळ आलेला. अप्पांचं मुख्य दुःख काळपुळीचं नव्हतं. "डॉक्टर," ते हंगरग्यांना म्हणाले, "मंचावर हार घालून घ्यायला मान तर पाहिजे का न्हाई?"

ऑपरेशनच्या आधी मी त्यांना तपासायला गेले. खाटेभोवती मोंढ्यातली चारदोन मंडळी आणि पुतण्या बसवराज. बसवराज शिकलेला, अप्पांची कचेरीतली आणि बाहेरगावची सगळी कामं करणारा. मी नाडी बघत होते, तोवर अप्पांनी मुद्दा काढला.

"बाई, ते जुनं वासाचं औषध मला नको. इथर का काय ते. ते गोरगरिबाला ठीक हाय. मला हॅलोथेन द्या."

"नाव कुठं ऐकलंत अप्पा?"

"आमी चौकशी करून राहिलो की कवाची! हैदराबादला मोठ्या लोकाला तेच देतात म्हणं. आता आपण जिल्हा हाव."

बाहेरच्या माणसासाठी थोडं सांगते. त्या काळी आमच्याकडं नाकातून देण्याची भूल म्हणजे मुख्यतः इथर. स्वस्त, भरवशाचं, पण उग्र वासाचं. रोगी आधी गुदमरल्यासारखा करतो, झोपतो सावकाश, उठतो त्याहून सावकाश आणि उठला की ओकतो. शिवाय इथरनं रक्तातली साखर चढते, नाडी पळते. हॅलोथेन गोडसर वासाचं, झटकन झोपवणारं आणि महाग. आमच्याकडं एखादी बाटली असायची आणि हंगरगे ती कपाटात कुलपात ठेवायचे. अप्पांची मागणी मानाची होती, पण साखरेच्या रोग्याला खरोखरच ते बरं पडणार होतं. चुकीच्या कारणासाठी बरोबर मागणी. अशी मागणी मी कधी नाकारत नाही.

टँकर आला, अप्पा झोपले, काळपुळी निघाली. साखर आटोक्यात राहिली, रक्तदाब हलला नाही. शुद्धीवर येताना अप्पांनी देवाचं नाव घेतलं नाही, बायकोला हाक मारली नाही. जड जिभेनं विचारलं, "बाटली पुरली का?"

"पुरली अप्पा."

"म्हन्जे पुरी लागली!" असं म्हणून समाधानानं पुन्हा झोपले.

इथं ही गोष्ट संपायला हवी होती. पण त्याच सुमारास आमच्याकडं डॉक्टर निटुरे म्हणून तरुण फिजिशियन मुंबईहून शिकून आले होते. हुशार, कष्टाळू, मनानं चांगला माणूस. एकच अडचण होती. मुंबईत त्यांनी नाना तपासण्या पाहिल्या होत्या आणि लातुरात त्यांतली एकही होत नव्हती. तहानलेला माणूस पाण्याच्या गोष्टी करतो तसे ते तपासण्यांच्या गोष्टी करायचे. अप्पांच्या रूपानं त्यांना असा रोगी सापडला की ज्याला कुठलीही तपासणी नको वाटत नव्हती.

ऑपरेशननंतर अप्पांना थकवा वाटत होता, थंडी वाजत होती, पोट साफ होत नव्हतं. साखरेचा आजार, अंगात मुरलेला पू, वरून ऑपरेशन आणि उपास, एवढं झाल्यावर कुणालाही तसंच वाटेल. निटुरे मात्र म्हणाले, "अप्पा, ही थायरॉईडची लक्षणं असू शकतात."

अप्पांनी तो शब्द दोनदा म्हणवून घेतला. "हितं हुती का तपासनी?"

"इथं नाही. मुंबईलाच पाठवावं लागेल."

मुंबई म्हटल्यावर अप्पा उठून बसले. रक्त काढलं, बाटलीत भरलं, ती थर्मासात, भोवती बर्फ. प्यायला पाणी नसलेल्या गावात बसवराजनं बर्फ कुठून आणला ते मी विचारलं नाही. तो थर्मास मांडीवर घेऊन बसवराज मुंबईला गेला आणि रिपोर्ट घेऊनच परतला. थायरॉईड ही गळ्यातली ग्रंथी दोन प्रकारचा रस रक्तात सोडते. डॉक्टर त्यांना टी-फोर आणि टी-थ्री म्हणतात. अप्पांचा टी-फोर ठीक होता, टी-थ्री चांगलाच खाली गेला होता. निटुऱ्यांनी निदान केलं की ग्रंथी मंदावली आहे, आणि थायरॉईडच्या गोळ्या सुरू केल्या.

आता मोंढ्यात दुसरा विषय राहिला नाही. काळपुळी कुणालाही होते. थायरॉईड अजून उदगीरमध्ये कुणाला झाला नव्हता. भेटायला येणाऱ्यांची रीघ लागली. लोक अप्पांच्या गळ्याकडं बघायचे. एक शेटजी तर मला जिन्यात थांबवून म्हणाले, "बाई, ते थायराट आमाला बी तपासता येतंय का? आमी बी कृती समितीत होतो."

पण आजार एवढा मोठा म्हटल्यावर तो कुणामुळं झाला हेही ठरायला पाहिजे. मान मागून कापली, ग्रंथी पुढं आहे, म्हणजे हंगरगे सुटले. निटुऱ्यांनी तर आजार शोधून काढला, ते देवमाणूस. राहिले कोण? बसवराजनं मुंबईच्या लॅबमध्ये कुणाला तरी विचारलं होतं की गुंगीच्या गॅसचा थायरॉईडवर परिणाम होतो का. तो माणूस म्हणाला, होतो. एवढ्या एका 'होतो'वर माझा निकाल लागला.

हंगरग्यांच्या केबिनमध्ये मला बोलावणं आलं. अप्पा खुर्चीत, मानेला पट्टी, बसवराज शेजारी उभा, निटुरे खिडकीशी.

"बाई," बसवराज म्हणाला, "तुमच्या गॅसनं आमच्या अप्पाच्या गळ्यातली गाठ मारली."

"तुम्हीच तो गॅस मागितला होता."

"आमी मागू. आमी काय डॉक्टर हाव?"

मी निटुऱ्यांना म्हटलं, "डॉक्टर, ऑपरेशननंतर लगेच काढलेल्या रक्तावर विश्वास ठेवायचा का? गॅस, साखर, पू, उपास, या सगळ्यांनी आकडे हलत असतील. महिना-दीड महिना थांबून परत बघा ना."

"मॅडम, रिपोर्ट समोर आहे," निटुरे शांतपणे म्हणाले. "रोगी मंद आहे, टी-थ्री कमी आहे. थांबून काय करायचं?"

"आनि आमी थांबायचं कशासाठी?" अप्पा म्हणाले. "दौरा थांबनार हाय का?"

हंगरगे टेबलावरचा पेपरवेट फिरवत म्हणाले, "बाई, तुम्ही जरा वाचून या यावर." म्हणजे तूर्तास हॅलोथेनचं कपाट मला बंद झालं, हे मला कळलं. माझ्या मनात मात्र आणखी एक धास्ती होती. अप्पा साठीच्या घरातले, साखर जुनी, अशा माणसाच्या हृदयाच्या रक्तवाहिन्या कशा असतात ते आम्हाला ठाऊक असतं. थायरॉईडची गोळी हृदयाला पळवते. गरज नसलेल्या माणसाला ती दिली तर चाबूक मारून म्हातारा बैल पळवण्यासारखं.

वाचायला लातुरात पुस्तकं नव्हती. मी एसटीनं अहमदपूरमार्गे नांदेडला गेले, डॉक्टर सिद्दीकीसाहेबांकडं. ते हैदराबादला मेडिकल कॉलेजात शिकवायचे, निवृत्तीनंतर नांदेडला आपल्या घरी येऊन राहिले होते. मी शिकत असताना त्यांनीच मला इथर किती सोडायचं त्याचा अंदाज शिकवला होता. वय झालं होतं, पण पुस्तकं ताजी मागवायचे. मी सगळं सांगितलं. ते दाढी कुरवाळत हसायला लागले.

"गॅस ने मारा नहीं बेटी. हिलाया. मारने में और हिलाने में फर्क है ना?"

मग त्यांनी मला जे समजावलं ते मी आजही विसरले नाही. इथर असो की हॅलोथेन, भूल चालू असताना टी-फोर थोडा वर सरकतो, यकृतात साठलेला माल रक्तात उतरतो म्हणून. ऑपरेशन झालं की टी-थ्री खाली येतो आणि काही दिवस खालीच राहतो. साखरेचा आजार बेकाबू असेल तर तो आधीच खाली असतो. त्यात पू आणि उपास आले की आणखी. टी-फोरचा टी-थ्री करायचं काम शरीर मुद्दाम मंद करतं, संकटात खर्च कमी करावा म्हणून. ग्रंथी ठणठणीत असते. रोगी सुधारला की आकडे आपोआप जागेवर येतात. ग्रंथी खरोखर मंदावली तर मेंदूकडून तिला जास्त काम करण्याचा हुकूम सुटतो. तो हुकूमही रक्तात मोजता येतो. "वो तीसरी जाँच तुम्हारे डॉक्टर ने कराई क्या?"

"नाही साहेब."

"तो कराओ. और गोली बंद कराओ, पहले." निघताना त्यांनी दारापर्यंत येऊन आणखी एक सांगितलं. "बेटी, जिनकी जाँच हो री, उनकी ज्यादा फिकर नक्को करो. जिनकी कोई नहीं करता, उनके गले पे हाथ रखो."

दुसऱ्या दिवशी अप्पा पट्टी बदलायला आले होते. मी न सांगता त्यांच्या मनगटाला हात लावला. नाडी धावत होती, मधूनच अडखळत होती. कपाळावर घाम.

"अप्पा, छातीत काही होतंय?"

"धडधड होतंय. जिना चढलं की हितं दाबल्यावानी. डॉक्टर म्हनले व्हते गोळीनं ताकद येईल, तीच आली आसंल. म्या दोन-दोन घेतोय."

"दोन-दोन का?"

"आमी कंचंच औषध कमी घेत न्हाई बाई."

मी त्यांना खुर्चीत बसवलं आणि त्यांच्या धंद्याच्या भाषेत सांगितलं. "अप्पा, तुमच्या गळ्यातलं गोदाम भरलेलं आहे. ज्वारी आहे भरपूर. ऑपरेशनमुळं गिरणी मंद चाललीय, म्हणून पीठ कमी दिसतंय. गिरणी आपोआप सुरू होणार आहे. तुम्ही मात्र बाहेरून ज्वारीची पोती आणून गोदामात कोंबताय. भिंत फुटंल."

अप्पांनी विचार केला. डाळीच्या माणसाला गोदामाचं पटकन कळतं. "मंग माल आसताना खरेदी कशापायी करून राहिलो आमी?"

"तेच विचारतेय मी."

निटुऱ्यांना बोलावलं. त्यांनी कार्डिओग्राम काढला आणि कागद बघता बघता त्यांचा चेहरा उतरला. हृदयाला रक्त कमी पडत होतं. त्यांनी वाद घातला नाही, तिथल्या तिथं गोळी बंद केली, अप्पांना निजवलं आणि स्वतः उशाशी बसले. म्हणूनच मी म्हटलं, मनानं चांगला माणूस. धडधड हळूहळू थांबली. दौरा मात्र चुकला. मंत्र्यांचा हार दुसऱ्याच कुणाच्या गळ्यात पडला आणि याचाही ठपका बसवराजनं गॅसवर ठेवला. महिना-दीड महिन्यानं परत रक्त पाठवायचं, या वेळी तिसऱ्या तपासणीसह, असं ठरलं.

मधल्या काळात औशाकडच्या एका गावातून सुभद्राबाई आली. रोजगार हमीच्या कामावर खडी फोडणारी, चाळिशीची. पायाला दगड लागला होता, जखम चिघळून दोन बोटं काळी पडली होती. तपासल्यावर साखर निघाली. बोटं काढायची होती. कपाट मला बंद, म्हणून हंगरग्यांनी सांगितलं, "इथर द्या, पटकन उरकू."

बाई काडीसारखी वाळलेली. कुणी लक्ष दिलं नव्हतं, कारण त्या वर्षी सगळेच वाळले होते. साखरेनं माणूस वाळतो, दुष्काळानं वाळतो. तिच्याकडं दोन्ही कारणं होती. मी तिचा हात हातात घेतला. दमट, गरम, बोटांना बारीक कंप. नाडी पळत होती.

"भ्या वाटतंय का गं?"

"न्हाई वो बाई. भ्या कशाचं?"

"भूक लागते?"

ती ओशाळून हसली. "लई लागती. घरात समद्यांपरीस जास्ती खाते म्या. सासू म्हनती, दुस्काळात असलं तोंड कुटनं आनलंय. खाते तरी अंगाला लागत न्हाई."

मी तिच्या गळ्यावर हात ठेवला. तिला पाणी गिळायला सांगितलं, आणि बोटांखाली ग्रंथी वर सरकली. मऊ, दोन्ही बाजूंनी वाढलेली. अप्पांना जे झालं नव्हतं त्याच्या उलट टोकाचं हिला झालं होतं. ग्रंथी मंद नव्हती, भडकली होती. अशा बाईला इथर दिलं असतं तर नाडी आणि साखर दोन्ही आणखी उसळल्या असत्या, वर ऑपरेशनचा ताण. टेबलावरच ताप चढून, हृदय बेताल होऊन ती गेली असती, आणि गावात म्हणाले असते, बाई अशक्त होती, गुंगी सोसली नाही. अशा 'गुंगी न सोसलेल्या' किती असतील, हा विचार मला अजूनही सोडत नाही.

मी निटुऱ्यांना आणलं. त्यांनी गळ्यावर हात ठेवला, डोळे पाहिले, आणि म्हणाले, "मॅडम, मी हिला काल तपासलं. शुगर आणि कुपोषण लिहिलंय." मग हातातला केसपेपर मिटत, "मी गळा बघितलाच नाही."

"आता बघितलात ना. काय करायचं सांगा."

त्यांनी हृदयाचा वेग आवरायच्या आणि ग्रंथी दाबायच्या गोळ्या सुरू केल्या. हंगरग्यांना थांबायला सांगणं माझ्याकडं आलं. ते गच्चीवर होते. "बाई, टँकर येतोय आणि तुम्ही ऑपरेशन पुढं ढकलताय?"

"टँकर परत येईल सर."

त्यांनी माझ्याकडं पाहिलं, मग रस्त्याकडं. "दुसऱ्या कुणाला तरी घ्या मग," म्हणाले.

इन्सुलिन आणि मलमपट्टीवर थोडे दिवस काढले. नाडी बरीच खाली आल्यावर मी गॅस न देता पाठीत सुई देऊन तिचे फक्त पाय बधिर केले. ती जागी होती. हंगरगे बोटं काढत होते आणि ती मला शेतातल्या विहिरीला पाणी किती खोल गेलंय ते सांगत होती.

तिचं रक्त मुंबईला कसं पाठवायचं हा प्रश्न होता. योगायोगानं त्याच आठवड्यात बसवराज दुसऱ्यांदा निघणार होता. मी अप्पांना विचारलं, "तुमच्या थर्मासात एक बाटली मावेल का?"

"कुनाची?"

"औशाकडची बाई आहे. खडीच्या कामावर असते."

"तिला काय झालंय?"

"थायरॉईड."

अप्पा चपापले. "खडी फोडनारीला? थायरॉईड?" त्यांनी स्वतःच्या गळ्यावरून हात फिरवला. मग बसवराजला म्हणाले, "बर्फ जादा घे रे."

बसवराज दोन्ही रिपोर्ट घेऊन आला. निटुऱ्यांनी केबिनमध्ये वाचून दाखवले. अप्पांचे तिन्ही आकडे अगदी जागेवर होते. टी-थ्री गोळीविना आपोआप वर आला होता. मेंदूचा हुकूमही नेहमीइतकाच. सुभद्राबाईचे टी-फोर आणि टी-थ्री आभाळाला टेकले होते.

मला वाटलं, आता अप्पा माझे आभार मानतील, निदान आरोप मागं घेतील. अप्पांचा चेहरा मात्र पडला होता.

"म्हन्जे मला न्हाई?"

"नाही अप्पा. कधीच नव्हता," निटुरे म्हणाले. "माझी चूक झाली."

"आनि तिला हाय?"

"हो."

"एकदा बारीक बघा की. बाटल्या बदलल्या आसतील. एकाच थर्मासात व्हत्या."

"अप्पा, बाटल्यांवर नावं होती," बसवराज हळूच म्हणाला.

अप्पांनी उदगीरला जाऊन काय सांगितलं ते मला नंतर कळलं. 'मला थायरॉईड झाला होता, पण आता पूर्ण गेला,' असं. मोंढ्यात त्यांचं वजन राहिलं. माझं नाव हळूहळू चर्चेतून गेलं आणि हॅलोथेनच्या कपाटाची किल्ली हंगरग्यांनी एक दिवस माझ्या टेबलावर ठेवली.

सुभद्राबाई मात्र वेगळ्याच संकटात सापडली. गोळ्यांनी ग्रंथी शांत झाली, आणि खाल्लेलं तिच्या अंगी लागायला लागलं. गाल भरले, दंड भरले. बाकी साऱ्या बाया वाळत चालल्या होत्या आणि ही एकटी बाळसं धरत होती. सासूला वाटलं, सून चोरून खाते. मुकादमाला वाटलं, मजुरीपोटी वाटायला येणाऱ्या धान्यात हिचा हात आहे. त्यानं तिला कामावरून काढून घरी बसवलं. ती लंगडत माझ्याकडं आली.

मी तिच्याबरोबर कामावर गेले. मुकादम झाडाखाली बसला होता. मी सांगितलं, "ही बाई आजारी होती, म्हणून वाळली होती. औषधानं बरी झालीय."

"बरी झाली न्हवं?" मुकादम म्हणाला. "मंग तिला दुस्काळी काम कशाला?"

मी त्याला गळ्यातली ग्रंथी समजावली, गोदाम समजावलं, गिरणी समजावली. सगळं ऐकून तो म्हणाला, "बाई, तुमचं समदं खरं आसंल. पर साहेब आल्यावर म्या काय दावू? दुस्काळग्रस्त म्हनून ही दावायची व्हय?" मी हात हलवत परत आले.

महिन्याभरानं ती तपासायला आली ती नव्या लुगड्यात, हसतच.

"काय गं, कामाचं काय झालं?"

"घेतलं की परत! मोठं साहेब येनार म्हनून वरनं सांगावा आला, धडधाकट दिसत्यात त्या बाया म्होरं उभ्या करा, उपाशी कुनी दिसाय नगं. मुकादमानं समद्या बघितल्या, कुनीच बसंना त्यात. मंग मलाच बोलवायला आला घरला."

"आणि मग?"

"साहेब आलं, मला इचारलं, 'बाई, कामावर पोटभर मिळतंय ना?' म्या म्हनलं, मिळतंय की, पैल्यापासनं तेवढंच मिळतंय, आता अंगी लागाय लागलंय. साहेब लई खूस झालं. माज्या संगट फोटू काढला. म्हनलं, नव्या जिल्ह्याचं काम बघा कसं हाय."

"तू गोळ्यांचं सांगितलं नाहीस?"

"कशापायी वो बाई? कुनी कवतिक करंना त्येंचं, तेवढ्यानं बरं वाटलं त्यास्नी. आन् मला आता पानी पाजायच्या कामावर ठिवलंय. घागर जवळ घिऊन बसायचं. पाय दुखत न्हाई."

मी तिचा गळा तपासला, वजन केलं. आणखी वाढलं होतं. गोळ्या संपत आल्या होत्या. मी म्हटलं, आता हळूहळू कमी करता येतील.

"आत्ताच नगा कमी करू," ती घाईनं म्हणाली. "दिवाळीनंतर परत साहेब येनार हाय. मुकादम म्हनलाय, तवर तब्येत सांबाळ."